उपग्रहाची पातळी आणि काठावरची पट्टी : कुणाचं खरं धरायचं?

काठावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न अखेर इथे टाकतोय. जाणकारांनी वाट दाखवावी.

आमचा एक छोटा गट आहे. गेली सहा वर्षं आम्ही एका मोठ्या तलावावरच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो आणि दर रविवारी सकाळी काठावरच्या पट्टीवर पाणी किती ते वहीत लिहितो. पट्टी म्हणजे तीच, सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या खुणांची, खांबाला ठोकलेली. काठाच्या उतारावर अशा चार पट्ट्या पायऱ्यांसारख्या एकीखाली एक उभ्या आहेत. सगळ्यात वरच्या खांबावर शून्याचा तलांक रंगवलेला आहे, त्यावरून समुद्रसपाटीपासूनची पातळी काढता येते.

मागच्या महिन्यात भाच्यानं दाखवलं की सेंटिनेल-३ या उपग्रहाची वाट आमच्या तलावावरूनच जाते, दर २७ दिवसांनी एकदा. त्यानं कच्च्या फायली उतरवून आकडे काढून दिले. ते वहीशेजारी मांडले आणि झोपच उडाली.

पहिली गोष्ट, उपग्रहाचा प्रत्येक आकडा आमच्यापेक्षा जवळजवळ ६१ मीटर कमी. सेंटिमीटर नव्हे, मीटर. दुसरी, ते ६१ मीटर सरसकट मिळवले तर बहुतेक आकडे सुरेख बसतात, पण दोन उन्हाळ्यांच्या अखेरचे आकडे थेट सहा मीटर खाली गेलेत. आमचा तलाव तेव्हा मुळात तेवढा खोलच नव्हता. तिसरी, गेल्या दोन वर्षांतले काही आकडे ३५-४० सेंटिमीटरनं चुकतात आणि काही अगदी चपखल बसतात.

भाचा म्हणतो मामा, तुझी वही चुकली. मी म्हणतो तुझा उपग्रह चुकला. निकाल लावा.

---

उगाच_एक

६१ मीटर पाणी मुरलं कुठं, हा प्रश्न उपग्रहाला विचारायचा की कंत्राटदाराला? हलके घ्या.

---

अपभू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दोघंही बरोबर आहात, फक्त शून्य वेगवेगळं आहे.

उपग्रहाला समुद्रसपाटी वगैरे काही ठाऊक नसतं. तो पृथ्वीच्या केंद्रापासून स्वतः किती लांब आहे ते ओळखतो आणि उंची सांगतो ती एका गुळगुळीत गणिती पृष्ठापासून, म्हणजे लंबगोलापासून. तुमची पट्टी बोलते समुद्रसपाटीच्या भाषेत. समुद्रसपाटी जमिनीखालून पुढे नेली तर जे पृष्ठ मिळतं त्याला जिऑइड म्हणतात, आणि ते गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली होतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ते लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे, तर न्यू गिनीच्या बाजूला ८० मीटरहून जास्त वर. तुमच्या तलावापाशी ते ६१ मीटर खाली असणार, बस्स. ईजीएम २००८ हे जिऑइडचं प्रारूप खुलं आहे. तलावाचे अक्षांश-रेखांश टाका आणि बघा. भाच्यानं कच्च्या फायली घेतल्या म्हणून हा घोळ झाला. म्युनिकचं 'दाहिती' किंवा फ्रान्सचं 'हायड्रोवेब' यांच्यावर तयार मालिका असतात, त्यात जिऑइड आधीच वजा केलेला असतो.

दुसऱ्या प्रश्नावर रात्री सविस्तर लिहितो. बहुतेक ओळखलंय. आकडा कमीच येतो ना दोन्ही वेळा? जास्त कधीच नाही?

---

काठावरचा

ईजीएममध्ये टाकून पाहिलं. उणे ६१.३! भाच्याला दाखवल्यावर तो गप्प आहे. (म्हणजे वहीचं शून्य खरं निघालं, असा मी अर्थ घेतो.)

हो, दोन्ही वेळा कमीच.

---

भोवरा

मला मुळातच हे पटत नाही. घरच्या टाकीचा फ्लोट धड चालत नाही आणि ही मंडळी आठशे किलोमीटरवरून सेंटिमीटर मोजतात? त्या उंचीच्या मानानं सेंटिमीटर म्हणजे आठ कोटींत एक भाग. जाहिरातबाजी वाटते.

---

अपभू

@भोवरा, शंका रास्त आहे. उत्तर थोडं लांबेल.

अल्टिमीटर, म्हणजे उपग्रहावरचा उंचीमापक, खाली रडारचा स्पंद सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला ते मोजतो. एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे येण्याजाण्याच्या वेळेत ६७ पिकोसेकंदांचा फरक. एका स्पंदावरून हे कधीच जमत नाही. सेकंदाला हजारो स्पंद जातात, त्यांची सरासरी घेतली की गोंगाट बसतो आणि प्रतिध्वनीची कडा स्पष्ट होते. म्हणजे सगळी जादू घड्याळाची नाही, गर्दीचीही आहे.

पण अंतर मोजणं हा निम्माच भाग. उपग्रह स्वतः कुठे आहे हेही सेंटिमीटरमध्ये माहीत हवं. त्यासाठी जमिनीवरून रेडिओ संकेत सोडणारी फ्रेंच 'डोरिस' यंत्रणा, जीपीएस आणि लेसर असं तिघांचं मिळून चालतं. मग हवा. समुद्रसपाटीला कोरडी हवा रडारला साधारण २.३ मीटर उशीर करते. तिबेटच्या पठारावर साडेचार हजार मीटरच्या तळ्यावर हवाच विरळ, तिथे हाच आकडा १.३ च्या आसपास. कुणी चुकून समुद्रसपाटीचा आकडा वापरला तर तळं एका रात्रीत मीटरभर उचललं जातं. वाफेची दुरुस्ती वेगळी. समुद्रावर ती उपग्रहावरचं रेडिओमीटर मोजतं, जमीन आली की ते गोंधळतं आणि हवामानाच्या प्रारूपावर विसंबावं लागतं.

हे सगळं मुळात समुद्रासाठी बांधलेलं. १९७८ चा सीसॅट साडेतीन महिने चालून बंद पडला. १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन गेला, नासा आणि फ्रान्सच्या सीएनईएस या अवकाश संस्थेचा. तो दर १० दिवसांनी त्याच वाटेनं फिरायचा. त्याच्या वाटेत मोठी सरोवरं आणि अॅमेझॉनसारख्या नद्या येत होत्याच. आयतं मिळालेलं हे सोनं लोकांनी नंतर वेचलं.

तरी सेंटिमीटर सगळीकडे मिळत नाही, हे मान्य. मोठ्या सरोवरावर चार-पाच सेंटिमीटर, अरुंद नदीवर कित्येकदा अर्धा मीटर. जाहिरातीत पहिला आकडा असतो.

---

भोवरा

शेवटचं वाक्य आधी लिहिलं असतंत तर वाद झाला नसता.

---

तलांक

उभी नोकरी पाण्याची पातळी वाचण्यात आणि वाचून घेण्यात गेली, म्हणून चार शब्द.

पट्टीही खोटं बोलते, हे आधी सांगतो. वारा असला की पाणी पट्टीवर हातभर वरखाली होतं. तेव्हा वरची आणि खालची खूण पाहून मधली लिहायची असते. डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा असतो. उंच काठावर उभं राहून खाली पाहत वाचलं की दोन-तीन सेंटिमीटर हमखास चुकतात. आणि पावसात, रात्री, टॉर्च धरून कोण खाली उतरतंय? वरूनच वाचलं जातं. सकाळी आठचं वाचन साडेदहाला चहा पिऊन झालेलं मी स्वतः पकडलं आहे. सलग तीन महिने पातळी दर आठवड्याला बरोब्बर पाच सेंटिमीटरनं उतरत असेल तर समजावं की वाचक घरी बसून लिहितोय. तलाव इतका शिस्तीचा नसतो.

पण म्हणून उपग्रहाचं कौतुक मला झेपत नाही. २७ दिवसांतून एकदा! पूर येतो, काठ सोडतो, ओसरतो, आणि यांचा उपग्रह पुढच्या महिन्यात येऊन सांगतो की सगळं ठीक आहे. स्वयंचलित रडार सेन्सर पुलाला टांगला तर दर १५ मिनिटांनी आकडा येतो. खर्च करायचाच तर तिथे करा.

---

नवा_गडी

बाळबोध प्रश्न आहे, रागावू नका. नकाशावर उपग्रहाचे फोटो दिसतातच की. तलाव किती भरलाय ते फोटोवरूनच कळत नाही का? उंची मोजायची कटकट कशाला?

---

हिशेबनीस

@नवा_गडी, फोटोवरून क्षेत्रफळ कळतं, पातळी नाही. पण काठाचा उतार माहीत असेल तर क्षेत्रफळावरून पातळी काढता येते, तसे तक्ते बनवतातही. सपाट तलावात ही युक्ती मस्त चालते, कारण पातळी थोडी उतरली तरी काठ खूप मागे सरतो. खडकाळ दरीतल्या जलाशयात अजिबात चालत नाही. तिथे पाणी दहा मीटर उतरलं तरी वरून फारसा फरक दिसत नाही. आणि ढग आले की फोटो संपला. रडारला ढगांचं सोयरसुतक नाही.

@तलांक साहेब, एक उदाहरण देतो, मग ठरवा. बांगलादेशात गंगा आणि ब्रह्मपुत्रेचं पाणी सीमेपलीकडून येतं. वरच्या भागातली पातळी वेळेवर हाती आली नाही तर पूर दारात आल्यावरच कळणार. टोपेक्सचा वारसदार जेसन-२ उपग्रह या नद्या भारतात ओलांडायचा तिथली पातळी घेऊन, ते पाणी खाली पोचायला लागणारे दिवस हिशेबात धरून, आठ दिवस आधी अंदाज देण्याची पद्धत तिथल्या पूर-अंदाज केंद्रासोबत बसवली गेली. तो उपग्रहही दहा दिवसांनीच यायचा. पण वाटा अनेक आणि नदी लांब, त्यामुळे कुठे ना कुठे दर एक-दोन दिवसांनी एक आकडा मिळायचा. एका ठिकाणची नाडी सतत धरता येत नाही, पण रोज वेगळ्या ठिकाणी बोट ठेवता येतं.

---

तलांक

हे माहीत नव्हतं. मोठ्या, संथ नदीसाठी पटलं. डोंगरी नदीला, जिथे पूर सहा तासांत येतो, तिथे माझं म्हणणं कायम.

---

हिशेबनीस

तिथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

---

अपभू

आता सहा मीटरचं कोडं.

अल्टिमीटर सरळ खाली पाहतो असं आपण म्हणतो, पण त्याचा झोत बॅटरीसारखा पसरतो. जमिनीवर त्याचा ठसा काही किलोमीटरचा असतो. त्या ठशात शेतं, झाडं, टेकडी, पाणी सगळं येतं. शांत पाणी रडारसाठी आरशासारखं लखलखतं, त्यापुढे शेत म्हणजे काळोख. म्हणून पाणी बरोबर खाली नसून बाजूला असलं तरी उपग्रह त्यालाच धरतो. आणि पाणी खालीच आहे असं गृहीत धरून हिशेब करतो. तिरकं अंतर सरळपेक्षा जास्त, म्हणून पाणी आहे त्याहून खोल वाटतं.

किती खोल? उपग्रह आठशे किलोमीटर वर आणि पाणी वाटेपासून तीन किलोमीटर बाजूला असेल तर, पायथागोरस लावा, जास्तीचं अंतर साडेपाच मीटरच्या वर येतं. पृथ्वीची गोलाई धरली की सहाच्या किंचित वर.

म्हणून विचारलं होतं की आकडा नेहमी कमीच येतो का. काठावरचा, उपग्रहाची वाट तलावाच्या मधून जाते की एखाद्या फाट्यावरून? उन्हाळ्याच्या अखेरीस तो फाटा आटतो का?

---

काठावरचा

अरे देवा. वाट उत्तरेच्या फाट्यावरून जाते. तो उथळ आहे आणि भर उन्हाळ्यात त्याच्या जमिनीला हात घालता येईल इतक्या भेगा पडतात. त्या दिवसांत पाणी मुख्य डोहाकडे सरकतं. नकाशावर मोजलं तर वाटेपासून डोहाचा काठ ३.१ किलोमीटर!

म्हणजे उपग्रह डोहाकडे तिरका बघत होता आणि आम्हाला सांगत होता की फाट्यात सहा मीटर खोल खड्डा आहे.

---

उगाच_एक

तिरकं बघून खोलात शिरायची सवय आमच्या कार्यालयातही एकाला आहे. त्यालाही २७ दिवसांनी एकदाच काम येतं.

---

अपभू

वाटेवरचे सगळे बिंदू ओळीनं मांडलेत तर हे डोळ्यांनी दिसतं. सेकंदाला २० नोंदी असतात, म्हणजे जमिनीवर तीनशे-साडेतीनशे मीटरला एक. उपग्रह पाण्याकडे येताना उंची चढत जाते, पाणी बरोबर खाली आलं की माथा गाठते आणि पुढे गेला की उतरते. उताणी नाही, पालथी वाटी. खरी पातळी त्या वाटीच्या माथ्यावर असते. एक किलोमीटर रुंद नदी ओलांडायला उपग्रहाला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो, जेमतेम तीन नोंदी. त्यांतल्या काठालगतच्या दोन बिघडलेल्या. म्हणून नदीचे आकडे इतके उड्या मारतात.

डोंगरात आणखी एक भानगड. जुने उपग्रह प्रतिध्वनी शोधताना दरीतल्या नदीऐवजी शेजारच्या कड्यालाच धरून बसायचे. आता जेसन-३, सेंटिनेल-३ यांच्या स्मृतीत आधीच कोणत्या ठिकाणी पाणी किती उंचीवर असेल त्याचा तक्ता भरलेला असतो, म्हणजे प्रतिध्वनी ऐकायची खिडकी योग्य उंचीवर उघडते. हा तक्ता चुकला तर सगळा नदीचा तुकडा खिडकीबाहेर, आणि फाईल रिकामी. रिकामी फाईल आली की लोक समजतात नदी आटली.

---

पाणकणीस

पाणथळीत काम करते म्हणून हा धागा एका दमात वाचला. आमचं दुखणं वेगळं आहे. आमच्याकडे पाणी लव्हाळे, पाणकणीस, बुडालेली झाडं यांच्या खाली असतं. उघडं पाणी दिसतच नाही, मग अल्टिमीटर कुणाला धरणार?

पण यातूनच एक गंमत निघाली. रडार तिरका टाकला तर लाट पाण्यावर आपटून खोडावर जाते आणि खोडावरून आल्या वाटेनं परत फिरते. दुहेरी उसळी. दोन वेगवेगळ्या दिवसांच्या अशा प्रतिमा एकमेकींवर ठेवल्या तर मधल्या काळात पाणी किती चढलं-उतरलं ते पट्ट्यांच्या रूपात दिसतं. १९९४ च्या अवकाशयानावरच्या रडार प्रतिमांतून अॅमेझॉनच्या बुडीत जंगलात हे करून दाखवलं गेलं, २००० साली 'नेचर'मध्ये आलं. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्सवर नंतर भरपूर काम झालं. म्हणजे झाडं एरवी अडचण, इथे तीच साक्षीदार. उघड्या पाण्यावर ही पद्धत आंधळी आहे.

फक्त एक लक्षात ठेवा, यातून बदल कळतो, पातळी नाही. आणि मध्ये बांध असला की बांधापलीकडचा हिशेब वेगळा सुरू करावा लागतो, पट्टे जोडता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक खणात निदान एक खरीखुरी पट्टी हवीच. तलांक काकांना हे ऐकून बरं वाटेल.

३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा निसार हा रडार उपग्रह अवकाशात गेला, तेव्हापासून आमच्यासारखे लोक डोळे लावून बसले आहेत. त्याची एल-पट्ट्याची (एल-बँड) रडार लहर २४ सेंटिमीटर लांबीची, ती पाल्यातून आरपार जाते आणि दर १२ दिवसांनी तीच जागा पाहते. प्रतिमेतला एक रंगपट्टा म्हणजे पाण्याचा साधारण १५ सेंटिमीटरचा फरक. ज्या पाणथळीत कुणी पट्टीच लावलेली नाही तिथे हे फार आहे.

---

तलांक

बरं वाटलं. काकाच म्हणा, साहेब नको.

---

मूकवाचक

मूक राहवेना. स्वॉट उपग्रहाचा विषय कुणीच कसा काढला नाही?

डिसेंबर २०२२ मध्ये गेला, नासा आणि सीएनईएसचा, कॅनडा आणि ब्रिटनही सोबत. बाकी सगळे एक रेघ ओढत जातात आणि त्या रेघेवर जे तळं येईल तेवढंच मोजलं जातं. टोपेक्स-जेसनच्या दोन रेघांत विषुववृत्तापाशी ३१५ किलोमीटरचं अंतर, मधली सगळी तळी अनाथ. स्वॉटवर दहा मीटर अंतरावर दोन अँटेना आहेत आणि तो दोन्ही बाजूंना ५०-५० किलोमीटरचा पट्टा एकदम पाहतो. उद्दिष्ट असं की १०० मीटरहून रुंद नद्या आणि अडीचशे मीटर लांबी-रुंदीची तळीही यावीत. नदीचा उतारही मिळतो, किलोमीटरला १.७ सेंटिमीटर इतक्या अचूकतेनं. हा उतार महत्त्वाचा, कारण पातळी म्हणजे प्रवाह नव्हे. नदीत किती पाणी वाहतंय ते काढायला रुंदी, उतार आणि तळाचा खडबडीतपणा लागतो. तळ मात्र वरून दिसत नाही, तिथे अजून अंदाजच.

---

अपभू

स्वॉटच्या खोडीही सांगायला हव्यात. तो जवळजवळ सरळ खाली, पण किंचित तिरका पाहतो. वारा पूर्ण पडला आणि पाणी काचेसारखं झालं की प्रतिध्वनी आरशासारखा पलीकडे निसटतो, परत काहीच येत नाही. भरलेलं तळं प्रतिमेत काळं भोक दिसतं. साध्या अल्टिमीटरला जे शांत पाणी डोळे दिपवतं, तेच याला दिसत नाही. आणि काठालगत उंच झाडी असली तर झाडांचा प्रतिध्वनी पाण्याच्या जागी येऊन बसतो.

लेसरवालाही एक आहे, २०१८ चा आइससॅट-२. सहा हिरवे किरण, सेकंदाला दहा हजार स्पंद. ठसा जेमतेम बारा-तेरा मीटरचा, म्हणून लहान तळ्यांवर फार नेमका. नितळ पाण्यात तर तळापर्यंत जातो, फक्त पाण्यात प्रकाश मंदावतो म्हणून खोली पाऊणपट धरावी लागते. पण ९१ दिवसांनी एकदा, आणि ढग आले की राम राम. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये त्याच्या आधारे २,२७,३८६ जलाशयांचा हिशेब आला होता. पृथ्वीवरच्या उघड्या पाण्याच्या साठ्यात ऋतूप्रमाणे जी चढउतार होते, तिच्यातली ५७ टक्के माणसानं बांधलेल्या धरणांतली निघाली.

---

भोवरा

५७? जाहिरातबाजीचा शब्द मी मागे घेतो.

पण एक विचारतो. या आकड्यांनी कधी कुणाला अडचणीत आणलंय का? नाहीतर हे सगळं संशोधकांचं आपापसातलं.

---

हिशेबनीस

व्हिक्टोरिया सरोवर बघा. २००३ ते २००६ दरम्यान पातळी मीटरहून अधिक उतरली. सगळे दुष्काळाकडे बोट दाखवत होते. दुष्काळ होताच. पण युगांडातल्या धरणांतून सरोवराच्या पातळीनुसार किती पाणी सोडायचं याचा ठरलेला वक्र होता, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त सोडलं जात होतं. पातळीची मालिका तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संकेतस्थळावर उपग्रहाची, सगळ्यांना खुली होती. जगात कुठेही बसलेला जलशास्त्रज्ञ पाऊस एका बाजूला आणि पातळी दुसऱ्या बाजूला ठेवून विचारू शकत होता की उरलेलं पाणी गेलं कुठं. पट्टीची वही कपाटात कुलूपबंद करता येते. ही वही आकाशात आहे.

---

उगाच_एक

पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, पाणी मुरलं कुठं. कुणी मनावर घेतलं नाही.

---

पाणकणीस

मूळ धाग्याचा तिसरा प्रश्न राहिलाच. ३५-४० सेंटिमीटरचा. काठावरचा, हे चुकणारे आकडे पाणी जास्त असतानाचे की कमी असतानाचे? आणि तुमच्या वहीत पक्षीही आहेत ना? दरवर्षी उत्तरेच्या फाट्यात चिखलाचा पट्टा पहिल्यांदा उघडा पडतो आणि चिखल्ये-तुतारी येतात, त्या रविवारी पट्टीवर किती होतं ते बघाल का?

---

तलांक

बरोबर दिशा. मी हेच विचारणार होतो, फक्त पक्ष्यांशिवाय. चार पट्ट्यांपैकी कुठली पट्टी मध्ये कधी बदलली का?

---

काठावरचा

दोन दिवस सहा वर्षांच्या वह्या पसरून बसलो होतो. घरात चालायला जागा नाही.

चुकणारे सगळे आकडे सगळ्यात खालच्या पट्टीवरचे. वरच्या तिन्ही पट्ट्यांवर उपग्रह आणि वही दहा-बारा सेंटिमीटरच्या आत जुळतात. आणि खालच्या पट्टीवरही पहिली चार वर्षं सगळं ठीक आहे. मग एका मोठ्या पुरानंतर बिघडलंय. त्या पुरात खालचा खांब आडवा झाला होता आणि कुणीतरी येऊन पुन्हा उभा करून गेलं. आम्ही कौतुकानं वहीत लिहिलंय, 'पट्टी दुरुस्त'.

पाणकणीस ताई, पक्ष्यांचं बघितलं. पहिली चार वर्षं चिखल उघडा पडून पहिली तुतारी दिसली तेव्हा पट्टीवर ४०-४५ होतं. नंतरच्या दोन वर्षांत तोच चिखल पट्टी ८० दाखवत असताना उघडा! मी तेव्हा शेजारी टीप लिहिली होती की फाट्यात गाळ साचला असावा. गाळबीळ काही नाही. पट्टी खाली ठोकली होती.

शनिवारी ओळखीच्या सर्व्हेअरला पटवून ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावली. वरच्या खांबाच्या तलांकावरून खाली उतरत आलो. खालची पट्टी ३७ सेंटिमीटर खाली बसली आहे. भाच्याच्या आकड्यांची सरासरी म्हणत होती ३८.

---

अपभू

एक सेंटिमीटर! हे नशीब आहे, सवय लावून घेऊ नका. पण छान.

---

भोवरा

म्हणजे वही आणि उपग्रह दोघंही बरोबर, आणि तुतारीला हे दोन वर्षं आधीच माहीत होतं.

---

काठावरचा

आता प्रश्न वहीचा. दोन वर्षांचे खालच्या पट्टीचे आकडे खोडून ३७ वजा करून पुन्हा लिहू का?

---

तलांक

खोडायचं नाही. मूळ वाचन तसंच राहू द्या. शेजारी वेगळ्या शाईनं दुरुस्ती, तारीख आणि सही. उद्या कुणी ती पट्टी पुन्हा मोजली आणि ३५ निघाले, तर मूळ आकडा हवा. आणि खालची पट्टी नीट बसवेपर्यंत तिच्यावर लाल रंगानं '-३७' रंगवून ठेवा, नाहीतर तुमच्याऐवजी दुसरं कुणी वाचायला गेलं की परत तेच.

आणखी एक. दोन पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढतात ना? पाणी त्या जोडावर असेल त्या दिवशी दोन्ही वाचायच्या. तेवढं केलं असतंत तर हा धागाच निघाला नसता.

---

काठावरचा

काका, मान्य. जोडावर पाणी असलेले रविवार मोजले, दोन वर्षांत नऊ. नऊही वेळा वरचीच वाचली, कारण खालची वाचायला चिखलात उतरावं लागतं.

भाच्यानं पुढची फेरी काढली आहे. पुढच्या गुरुवारी, रात्री दहाच्या सुमारास उपग्रह फाट्यावरून जाईल. त्याच वेळी दोन्ही पट्ट्या वाचायचं ठरवलंय. टॉर्च मी धरणार, चिखलात तो उतरणार.

---

उगाच_एक

डोळा पाण्याच्या रेषेत आणायला सांगा त्याला.